हबक्कूक, भुसा आणि बर्फाचा विमानतळ

सहावीत असताना आमच्या कॉन्व्हेंटमध्ये स्पेलिंगची स्पर्धा झाली होती. शेवटच्या फेरीत आम्ही दोघीच उरलो आणि सिस्टरांनी मला शब्द दिला, हबक्कूक. हा बायबलच्या जुन्या करारातला एक संदेष्टा. मी त्यात दोन बी आणि दोन के घातले. हवेत एक बी आणि तीन के. बक्षीस दुसरीला गेलं आणि मी घरी येऊन जेवले नाही. आई अजून ही गोष्ट पाहुण्यांना सांगते.

आठ वर्षांनी, टीईच्या सेमिनारचा विषय शोधताना, हाच हबक्कूक मला परत भेटला. आणि चक्क माझ्याच स्पेलिंगमध्ये! दोन बी, दोन के. दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रजांच्या अति-गुप्त फाइलवर कोणीतरी ते नाव चुकीचं लिहिलं आणि शेवटपर्यंत तसंच चाललं. फाइल होती समुद्रावर तरंगणाऱ्या, बर्फाच्या विमानतळाची. ती कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो जेफ्री पाइक नावाचा माणूस. त्याच्याबद्दल मला मराठीत लिहायचं होतं. मराठी माझं घरचं आहे, शाळेचं नाही. ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासलेत, तरी काही राहिलं असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी सेमिनारचं सांगते. माझा विषय होता तरंगते विमानतळ. जमिनीवर विमानतळ बांधायचा म्हणजे काय होतं ते आपण जवळून बघितलंय. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठवली आणि मग कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. समुद्रात भर घालून बेट करावं, तर जपानचं कान्साय आहे. १९९४ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून हळूहळू खचतंय आणि २०१८ च्या वादळात त्याच्या धावपट्टीवर पाणी आलं होतं. मग पाण्याबरोबर वर-खाली होणारा, हलवता येणारा विमानतळ का नको? जपाननेच टोकियोच्या उपसागरात मेगा-फ्लोट नावाची १००० मीटर लांबीची पोलादी तरंगती धावपट्टी बांधून २००० साली तिच्यावर छोटी विमानं उतरवली होती. नंतर ती सुटी करून टाकली. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, एडवर्ड आर्मस्ट्राँग नावाच्या इंजिनिअरने अटलांटिकमध्ये पोलादी फलाटांची रांगच मांडायचा आराखडा केला होता. विमानाने एकावरून दुसऱ्यावर जायचं, पेट्रोल भरायचं, पुढे उडायचं. एसटीचे थांबे असतात तसं. पण विमानांच्या टाक्या मोठ्या झाल्या आणि थांब्यांची गरजच उरली नाही.

आमचे गाइड म्हणाले, विषय छान आहे पण हा सिव्हिलवाल्यांचा, तू आपलं हीट एक्स्चेंजरवर कर. मी हीट एक्स्चेंजरवर केलं. मार्क्सही बरे मिळाले. पाइक मात्र डोक्यातून गेला नाही.

जेफ्री पाइक १८९३ मध्ये लंडनमध्ये जन्मला. ज्यू घराणं, वडील वकील. पोरगा पाच वर्षांचा असताना वडील गेले. आईचं सासरच्यांशी पटेना आणि पैशाची चणचण. त्यातून आईने त्याला वेलिंग्टन कॉलेज नावाच्या शाळेत घातलं. तिथे बहुतेक लष्करी अधिकाऱ्यांची मुलं. आणि आईचा हट्ट असा की यानं तिथे कर्मठ ज्यू मुलासारखंच राहायचं, तसेच कपडे, तसंच खाणं. व्हायचं ते झालं. मुलांनी त्याला छळ छळ छळलं. दोन वर्षांनी शाळा सुटली, पण त्याच्या मनात शाळा या वस्तूबद्दल जो राग बसला तो पुढे एका विलक्षण ठिकाणी बाहेर पडला. ते येईलच.

केंब्रिजला तो कायदा शिकायला गेला आणि १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. वीस वर्षांच्या, म्हणजे आपल्याच वयाच्या या मुलाने एका इंग्रजी वर्तमानपत्राला पटवलं की मी शत्रूच्या राजधानीत जाऊन बातम्या पाठवतो. दुसऱ्याचा अमेरिकन पासपोर्ट मिळवला आणि डेन्मार्कमार्गे सरळ बर्लिन गाठलं. आठवडाभरात पकडला गेला. हेर म्हणून गोळ्या घालतील या भीतीत काही महिने एकट्याने कोठडीत काढले. मग रूहलेबेन नावाच्या छावणीत टाकलं. ही मूळची घोड्यांच्या शर्यतीची जागा, तबेल्यांत कैदी ठेवलेले. तिथे तो इतका आजारी पडला की वाचेल असं वाटत नव्हतं.

आणि तिथून तो पळाला. कसा पळाला ते मला फार आवडतं, कारण त्यात फिल्मी काहीच नाही. आधी त्याने बाकीच्यांचे पळून जायचे प्रयत्न का फसले ते तपासलं. मग लक्षात आलं की संध्याकाळी एका ठरावीक वेळी सूर्य पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर येतो आणि मैदानाकडेच्या खोपटातलं त्याला नीट दिसत नाही. जुलै १९१५ मध्ये एडवर्ड फॉक नावाच्या सोबत्याबरोबर तो त्या खोपटात टेनिसच्या जाळ्यांखाली दडून राहिला आणि अंधार पडल्यावर दोघे निसटले. पुढे बराचसा प्रवास आगगाडीने, शेवटचा टप्पा पायी. एका सैनिकाने त्यांना अडवलं तेव्हा दोघांना वाटलं संपलं सगळं. तो सैनिक डच होता. सीमा त्यांनी न कळत ओलांडलेली होती.

या एका प्रसंगात अख्खा पाइक आहे असं मला वाटतं. सगळ्यांनी ज्याला अशक्य म्हटलंय त्यात नेमकं अशक्य काय आहे, एवढंच तो विचारायचा. कधी उत्तर असं निघायचं की अशक्य काहीच नव्हतं, नुसता सूर्य डोळ्यांवर येत होता.

परत आल्यावर तो प्रसिद्ध झाला, पुस्तक लिहिलं, १९१८ मध्ये लग्न केलं, १९२१ मध्ये मुलगा झाला. आता या मुलाला कुठल्या शाळेत घालायचं? आपल्यासारखे हाल त्याचे होऊ नयेत म्हणून या गृहस्थाने स्वतःचीच शाळा काढली. १९२४ मध्ये केंब्रिजला मॉल्टिंग हाउस स्कूल सुरू झालं. शिक्षा नाही, ठरलेला अभ्यासक्रम नाही, मुलांनी प्रश्न विचारायचे आणि स्वतः करून बघायचं. सूझन आयझॅक्स नावाच्या बाई शाळा चालवत. त्यांनी तिथे मुलांची जी निरीक्षणं लिहून ठेवली ती बालशिक्षणाच्या अभ्यासात पुढे फार महत्त्वाची ठरली. (आमच्या शाळेत प्रश्न विचारायला आधी हात वर करावा लागे, आणि हात वर केल्याबद्दलही कधी कधी ओरडा बसे. असो.)

शाळेला पैसा कुठून आला? तर सट्ट्यातून. पाइकने तांब्यासारख्या धातूंच्या भावांचा अभ्यास करून स्वतःची एक पद्धत बसवली आणि भरपूर कमावलं. १९२७ मध्ये पद्धत फसली आणि सगळं गेलं. १९२९ मध्ये शाळा बंद. तब्येत खालावली, घर विस्कटलं. पुढची काही वर्षं हा माणूस जवळजवळ गायबच आहे.

१९३० च्या दशकात तो परत उठला, नाझींच्या विरोधात. स्पेनच्या यादवी युद्धात लोकशाहीवाल्यांना मदत म्हणून इंग्लंडमधल्या कामगारांनी फावल्या वेळात वस्तू बनवून पाठवायच्या, अशी योजना त्याने उभी केली. मोटारसायकलला जोडायची साइडकार त्यांनी तयार केली. जाताना आघाडीवर गरम जेवण न्यायचं, येताना त्याच गाडीतून जखमी माणसाला आणायचं. रिकामी फेरी नाही. आमच्या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या सरांनी हे उदाहरण द्यायला हवं होतं. १९३९ मध्ये तर त्याने काही तरुण-तरुणींना गोल्फ खेळणारे पर्यटक बनवून जर्मनीत पाठवलं आणि सामान्य जर्मन माणसाला खरोखर युद्ध हवंय का याची गुपचूप चाचणी घ्यायला लावली. युद्ध पेटायच्या आत ते परतले.

आता मुख्य गोष्ट.

१९४२ मध्ये पाइकला एक मोठा अधिकारी ऐकून घेणारा भेटला. तो म्हणजे माउंटबॅटन, तेच आपले शेवटचे व्हाइसरॉय. तेव्हा ते संयुक्त मोहिमांच्या मुख्यालयाचे प्रमुख होते आणि त्यांना चाकोरीबाहेरची डोकी हवी होती. पाइकने त्यांना पहिली कल्पना दिली बर्फावर चालणाऱ्या गाड्यांची. मूठभर सैनिकांनी नॉर्वेच्या बर्फात शिरून शत्रूचं मोठं सैन्य अडकवून ठेवायचं. या कामासाठी त्याला अमेरिकेत पाठवलं. तिथे तो अधिकाऱ्यांशी भांडला. त्याला हवी होती स्क्रूसारख्या फिरणाऱ्या दंडगोलांवर चालणारी गाडी, त्यांनी केली पट्ट्यांवर चालणारी. पाइकला कामातून बाजूला केलं गेलं. गाडी मात्र उत्तम निघाली. ती वीझल या नावाने हजारोंनी बनली आणि युद्धभर वापरली गेली.

तिकडेच असताना त्याला दुसरी कल्पना सुचली. अटलांटिकच्या मधोमध एक मोठा पट्टा असा होता की कुठल्याच किनाऱ्यावरून उडालेलं विमान तिथपर्यंत पोचत नव्हतं. जर्मन पाणबुड्या तिथे मालवाहू जहाजांची शिकार करत. तिथे तरंगता विमानतळ हवा. पण पोलाद आणायचं कुठून? सगळं रणगाड्यांत आणि जहाजांत चाललेलं. पाइकने विचार केला, समुद्रात आधीपासून काय तरंगतं? हिमनग. त्याला बॉम्बने फोडणंही अवघड. त्याचा हिशोब असा की तेवढ्याच वजनाचं पोलाद बनवायला जी ऊर्जा लागते तिच्या एक टक्क्यात बर्फ बनतो. मग हिमनग आपणच का बनवू नये? त्याने न्यूयॉर्कहून भलंमोठं टिपण माउंटबॅटनना पाठवलं आणि प्रकल्पाला नाव दिलं हबक्कूक. त्या संदेष्ट्याच्या पुस्तकात अशा अर्थाचं काहीतरी आहे की तुमच्या हयातीत असं काम घडणार आहे जे सांगूनही तुम्हाला खरं वाटणार नाही. चर्चिलला कल्पना आवडली.

साधा बर्फ मात्र दगा देतो. आज बरा तर उद्या हातोडीच्या एका टोल्याने तडकतो. इथे ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निकमधले हर्मन मार्क आणि वॉल्टर होहेनस्टाइन कामी आले. पाण्यात वजनाच्या १४ टक्के लाकडाचा भुसा किंवा लगदा मिसळून गोठवला तर बर्फ एकदम चिवट होतो, हे त्यांना दिसलं. पदार्थाला नाव पडलं पाइक्रीट, पाइक अधिक काँक्रीट. म्हणजे शोध दोघांचा आणि नाव तिसऱ्याचं!

हे मी करून बघितलं. पेठेतल्या लाकडाच्या वखारीतून भुसा आणला, मेसच्या मावशींना मस्का मारून डीप फ्रीजरमध्ये जागा मिळवली. ८६० ग्रॅम पाणी, १४० ग्रॅम भुसा. पहिल्यांदा सगळा भुसा वर तरंगला आणि खाली नुसता बर्फ झाला. हे कुठल्याच लेखात कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वेळी पातळ थर घालत, प्रत्येक थर अर्धवट गोठल्यावर पुढचा ओतला, तेव्हा जमलं. वर्कशॉपमध्ये नेऊन साध्या बर्फाच्या लादीवर हातोडी मारली, ठिकऱ्या उडाल्या. पाइक्रीटवर मारली तर धप् असा लाकडासारखा आवाज आला आणि नुसता खळगा पडला. आम्ही तिथे पाच-सहा जण होतो, एकदम ओरडलोच. कारण सोपं आहे. चीर बर्फातून धावत सुटते आणि वाटेत लाकडाचा तंतू आला की थांबते. वितळतानाही बाहेरचा बर्फ गेला की ओल्या भुशाचं साल उरतं, ते आतल्या बर्फाला ऊब लागू देत नाही. आपल्याकडे बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून ठेवतात ना, तेच, फक्त भुसा आतून.

लंडनमध्ये याची रीतसर चाचणी घेतली मॅक्स पेरुट्झने. हा मूळचा व्हिएन्नाचा ज्यू शास्त्रज्ञ, मार्कचा विद्यार्थी, हिमनद्यांचा बर्फ कसा सरकतो याचा अभ्यास केलेला. १९४० मध्ये इंग्रजांनीच त्याला शत्रूदेशाचा म्हणून पकडून कॅनडात पाठवलं होतं. नंतर सोडलं, आणि आता त्यालाच गुप्त कामावर बोलावलं! स्मिथफील्डच्या मांसबाजारात, जमिनीखाली कित्येक मजले, गोठवलेल्या जनावरांच्या रांगेमागे त्याची प्रयोगशाळा होती. कशासाठी बर्फ तपासतोय हे सुरुवातीला त्यालाही सांगितलेलं नव्हतं. पुढे १९६२ मध्ये त्याला हिमोग्लोबिनच्या रचनेसाठी नोबेल मिळालं.

दरम्यान कॅनडात जॅस्परजवळच्या पॅट्रिशिया तळ्यावर १९४३ च्या हिवाळ्यात बर्फाचा नमुना बांधला गेला. ६० फूट लांब, ३० फूट रुंद, वजन १००० टन, आणि तो थंड ठेवायला फक्त एक हॉर्सपॉवरचं यंत्र. बांधणाऱ्यांत बरेच जण धर्मामुळे शस्त्र हातात न घेणारे होते. आपण युद्धनौकेचा नमुना बांधतोय हे त्यांना सांगितलंच नव्हतं. खऱ्या जहाजाचे आकडे तर बघा. लांबी २००० फूट, म्हणजे ६१० मीटर. भिंती ४० फूट जाड. वजन वीस लाख टनांच्या वर. बाहेरच्या बाजूला २६ विजेच्या मोटारी. पोटात दीडशे विमानं. आणि सुकाणू कसं करायचं, हे शेवटपर्यंत कोणालाच सुटलं नाही.

ऑगस्ट १९४३ मध्ये क्वेबेकच्या परिषदेत माउंटबॅटननी चर्चिल-रूझवेल्टच्या सेनापतींसमोर दोन लाद्या ठेवल्या आणि खिशातून पिस्तूल काढलं. साध्या बर्फाच्या ठिकऱ्या झाल्या. पाइक्रीटवरून गोळी उसळून खोलीत भिरभिरली आणि अमेरिकेच्या अ‍ॅडमिरल किंगच्या पँटला चाटून गेली म्हणतात. ही गोष्ट इंटरनेटवर सगळीकडे सापडते, सगळे हसतात. मला हसू आलं नाही. कारण त्या खोलीत पाइक नव्हता.

तो प्रकल्पातूनच बाहेर होता. अमेरिकनांची साथ हवी आणि वीझलच्या वेळी हा त्यांच्याशी भांडलेला, म्हणून नियोजनातून त्याला वगळलं. त्याच्या बाजूच्या जे. डी. बर्नालसारख्या शास्त्रज्ञानेही ते मान्य केलं. त्याचंच नाव असलेला पदार्थ टेबलावर होता आणि तो स्वतः नव्हता.

प्रकल्प बुडाला तो मात्र पाइकमुळे नाही. पेरुट्झच्या मोजमापांत आलं की पाइक्रीट फुटत नसलं तरी वजनाखाली हळूहळू वाकतं. थांबवायचं तर उणे १५ अंशांच्या खाली ठेवायला हवं. मग आलं इन्सुलेशन, आली शीतयंत्रं, नळ्यांचं जाळं, आणि ज्या पोलादाची बचत करायची होती तेच परत टनांनी लागायला लागलं. लगदाही इतका की कागदाला कमी पडावा. शिवाय तोवर विमानं लांब उडू लागली, छोट्या विमानवाहू नौका आल्या, पोर्तुगालने अझोर बेटांवर तळ दिला. समुद्रातली ती पोकळी भरली. डिसेंबर १९४३ मध्ये समितीची शेवटची बैठक झाली. तळ्यावरचा नमुना तिथेच सोडून दिला. त्याची लाकडं आणि नळ्या अजून पॅट्रिशिया तळ्याच्या तळाशी आहेत, पाणबुडे बघायला जातात.

वाकण्याचंही मी बघितलं. पाइक्रीटची ३० सेंटिमीटरची पट्टी दोन डब्यांवर आडवी ठेवून मधोमध दोन किलोचं डंबेल ठेवलं. मेसचा फ्रीजर दिवसातून पन्नासदा उघडतो, त्यामुळे उणे १५ वगैरे विसराच. चौथ्या दिवशी मधला भाग जेमतेम तीन-चार मिलिमीटर खाली आला होता. डोळ्यांना कळतही नव्हतं, स्टीलची पट्टी लावल्यावर कळलं. २००० फुटांच्या जहाजाचं काय झालं असतं ते पेरुट्झला याच्यातूनच दिसलं. खरं सांगू का, मी स्वतः पाइक नाही. मी ती स्टीलची पट्टी लावणारी आहे. पट्टी लावणारा लागतोच, पण लावायला आधी काहीतरी लागतं ना.

युद्धानंतरही पाइक थांबला नाही. युरोपात कोळसा नाही आणि बेकार माणसं भरपूर, तर माणसांनी सायकलसारखे पायडल मारून रेल्वेचे डबे ओढावेत असं त्याने सुचवलं. एका कष्टकऱ्याला लागणारी साखर आणि इंजिनाला लागणारा कोळसा यांचा त्याने हिशोब मांडला होता. लोक हसले. सरकारी रुग्णालयांना परिचारिका का मिळत नाहीत यावर तो काम करत होता. खोली कागदांनी भरलेली, पलंगावर पडूनच बरंचसं काम चालायचं. तब्येत साथ देत नव्हती आणि जगाबद्दलची निराशा वाढत गेली होती. २१ फेब्रुवारी १९४८ ला लंडनमध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. आधी त्याने दाढी काढून टाकली होती. चोपन्न वर्षांचा होता. त्याचं पहिल्यांदा ऐकून घेणारे माउंटबॅटन तेव्हा दिल्लीत गव्हर्नर जनरल होते. गांधीजींना जाऊन तीन आठवडे झाले होते.

इथे मी लेख संपवणार होते. पण मग मला ती खोली सारखी आठवायला लागली, ज्यात पाइक नव्हता.

एसईला आमचा चौघांचा मिनी प्रोजेक्ट होता. कल्पना आमच्यातल्या एका मुलाची. नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांना कळेलच. तो प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, वर्कशॉपमध्ये घातला, सरांशी घातला. वेळेत काही द्यायचा नाही, पण जे द्यायचा ते आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं. प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री आम्ही तिघांनी ठरवलं की हा एक्स्टर्नलशी भांडला तर सगळ्यांचे मार्क्स जातील. त्याला सांगितलं, तू बोलू नको, आम्ही बघतो. सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण माझं त्याच्याशी बरं होतं. तो काहीच म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. आम्हाला ए ग्रेड मिळाली. एक्स्टर्नलनी विचारलं की ही कल्पना कोणाची, तेव्हा मी म्हणाले, ग्रुपची.

तेव्हापासून तो माझ्याशी हाय-हॅलोपुरताच बोलतो.

गेल्या आठवड्यात बीईच्या प्रोजेक्टचे ग्रुप ठरवायची नोटीस लागली. मी हा लेख त्याला वाचायला दिला, ही शेवटची पानं सोडून. कॅन्टीनमध्ये चहा गार होईपर्यंत त्याने तो वाचला. म्हणाला, चौदा टक्के भुशाने घनता किती झाली ते तू काढलंस का, पाण्यापेक्षा जेमतेम कमी येईल, मग जहाज तरंगणार किती आणि बुडणार किती? मी काढली नव्हती. त्याने नॅपकिनवर मांडायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून विचारलं की ग्रुपमध्ये अजून कोण आहे.

मी म्हटलं, अजून कोणी नाही.